मुखवट्याआडचा गळा

१९५७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘झोरो’ ही नाट्यमाला सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात नायक दिएगो स्पेनहून कॅलिफोर्नियास परततो. तेथील अधिकाऱ्याच्या जुलमाची वार्ता कानी पडताच तो ठरवितो की, दिवसा पुस्तकांत रमणारा भित्रा गृहस्थ व्हायचे आणि रात्री काळा मुखवटा चढवून तलवार उपसायची. त्याचा मुका सेवक बर्नार्डो बहिरेपणाचेही सोंग घेतो.

बेळगाव-निपाणीकडील रसिकांस हे सोंग परके वाटू नये. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८२ साली ‘सौभद्रा’त अर्जुनाला यती केले. बलराम त्याला आदराने घरी ठेवून घेतो, खुद्द सुभद्रा त्याची सेवा करते. दोघेही त्याला ओळखत नाहीत. प्रेक्षक मात्र सारे जाणून असतो, आणि गंमत तीच!

फरक आहे तो गळ्याचा. झोरो झालेल्या गाय विल्यम्ससाठी गाणी गायली बिल ली यांनी. म्हणजे मुखवट्याखाली आणखी एक मुखवटा. त्याच्या मागे धावणारा लठ्ठ सार्जंट गार्सिया, म्हणजे हेन्री कॅल्व्हिन, हा मात्र रंगभूमीवर मुरलेला गायक. (आम्हां गवयांचे मन साहजिकच सार्जंटाकडे झुकते.)

किर्लोस्करांच्या नटाला ही सोय नव्हती. कफनी उसनी चाले, गळा नव्हे. हल्ली ‘सौभद्र’ बसविणारी आमची मुले दाढी चिकटविण्यात तास घालवितात आणि यती नि अर्जुन एकाच आवाजात गातात. दाढी मागाहून लावा. आधी यतीचा षड्ज कसा लावणार, ते ऐकवा पाहू!