झाडांची पूर्ण नावे

लॅटिन नाव दिसले की आमचे सुशिक्षित गृहस्थदेखील 'ते पंडितांचे काम' म्हणून नजर फिरवितात. परंतु याच गृहस्थांच्या अंगणात पिवळी कण्हेर असते, आणि लहान मूल तिचे फळ तोंडात घालीपर्यंत ती काय वस्तु आहे याची घरात कोणासही वार्ता नसते. ही उपेक्षा आम्हांस क्षम्य वाटत नाही.

दस्तऐवजात पक्षकाराचे नाव नुसते 'रामभाऊ' असे कोणी लिहीत नाही. कारण रामभाऊ गावात पुष्कळ. वनस्पतींचेही तसेच आहे. स्वीडनच्या लिनीअसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस दोन पदांचे नाव दिले. पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे. मोगरा जॅस्मिनम सॅम्बॅक, जाई जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, जुई जॅस्मिनम ऑरिक्युलेटम. पहिले पद एकच, तेव्हा तिघी बहिणी ठरल्या. दुसरे पद बहुधा लक्षण सांगते: ग्रँडिफ्लोरम म्हणजे मोठ्या फुलांची. रातराणीस इंग्रजीत रात्री फुलणारी जाई म्हणतात खरे; पण ती सेस्ट्रम नॉक्टर्नम, आणि तिचे नाते मोगऱ्याशी नसून वांग्याशी आहे!

हे नाते ज्याने कळते ते कुल. अनेक वंश मिळून एक कुल होते. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुलातली, आणि मातीतून येणारा मर रोगही त्यांस समाईक. यास्तव ज्या वाफ्यात यंदा टोमॅटो मेले तेथेच पुढील साली वांगी लावू नयेत, घेवडा लावावा. तसेच पुडीवरील 'संकरित' हा शब्द. अशा रोपाचे बी धरून पेरल्यास संतति आईसारखी निपजेलच असे नाही. मग विक्रेत्याच्या नावाने ओरड करणे व्यर्थ होय.

आता कण्हेरीकडे वळू. तांबडी ती नेरियम ओलिअँडर. पिवळी, जिला बिट्टीही म्हणतात, ती कास्काबेला थेवेशिया, मूळची अमेरिकेतली. (जुन्या पुस्तकांत हिलाच थेवेशिया पेरुव्हियाना म्हटले आहे, शास्त्रज्ञही नावे बदलतात.) कुल एक, वंश भिन्न, पण दोघींचेही विष हृदयाची गति बिघडविते. मूल घेऊन इस्पितळात धावणाऱ्या मातेस 'कसलेसे पिवळे फूल' एवढेच सांगता यावे काय?

ही विद्या परक्यांची, असा आक्षेप कोणी घेईल. लॅटिन ही कोणा राज्यकर्त्याची बोली नव्हे. शिवाय लिनीअसने ज्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांत 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ होता. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तो सिद्ध केला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील ज्ञान मलबारच्या इट्टी अच्युदन वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे; या तिघांची साक्ष ग्रंथात देवनागरीतच छापलेली आहे. आपल्याच ठेव्यावर परका म्हणून बहिष्कार घालण्यात स्वाभिमान कोणता?

आमची मागणी अल्प आहे. रोपवाटिकांनी प्रत्येक रोपास देशी नाव आणि देवनागरीत लिहिलेले शास्त्रीय नाव अशी चिठ्ठी बांधावी, व विषारी असेल तेथे तसे स्पष्ट लिहावे. सर्व रोपांस एकदम जमत नसेल, तर कण्हेरीपासून आरंभ करावा.