तळ्यातला गणपती

वऱ्हाडातील चांदूर बाजार, अचलपूर या बाजूंची मुले पुण्यास सहलीला गेली, म्हणजे पर्वतीच्या पायथ्याची सारसबाग त्यांना बहुधा दाखविली जाते. बागेच्या मध्यभागी सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. पुणेकर त्या देवाला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. हे नाव ऐकून पाहुणे बुचकळ्यात पडतात. कारण देवळाच्या आसपास दिसते ती विस्तीर्ण हिरवळ, आणि तिच्यावर खेळणारी मुले. अचलपूरजवळचा हौज कटोरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे कोडे चटकन उलगडेल. तेथील अष्टकोनी मनोराही एका हौजाच्या मधोमध बांधलेला आहे. मनोरा उभा राहिला, हौजातील पाणी मात्र गेले. सारसबागेचेही तसेच झाले आहे.

ही कथा आंबिल ओढ्यापासून सुरू होते. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पूर्वी पुण्याच्या वस्तीजवळून वाहत जाऊन मुठा नदीला मिळत असे. उन्हाळ्यात त्याची धार बारीक होई. परंतु पावसाळ्यात डोंगराचे पाणी एकदम लोटले, की तो काठच्या लोकांना भारी पडे. १७४० मध्ये नानासाहेब पेशवे गादीवर आले, तेव्हा पुणे झपाट्याने वाढत होते. वाढत्या वस्तीला जागा हवी होती, आणि पाणीही हवे होते. नानासाहेबांनी कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणविले. खालच्या बाजूस ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविला, आणि पर्वतीच्या पायथ्याशी पाणी अडवून एक मोठे तळे निर्माण केले. टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ मध्ये झालेलेच होते. आता त्याच्या पायऱ्यांवरून खाली पाहिले, म्हणजे पाण्याचा मोठा आरसा दिसू लागला.

या तळ्याविषयी एक आख्यायिका सांगतात. काम रेंगाळले होते. एके दिवशी नानासाहेब हत्तीवरून तेथे आले, खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. पेशवेच दगड वाहत आहेत, हे पाहून बरोबरचे सरदारही पुढे सरसावले, आणि मग कामास वेग आला. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, असले काम दगड-माती वाहणाऱ्या शेकडो मजुरांच्या अंगमेहनतीनेच पुरे होते. त्यांची नावे मात्र आख्यायिकेत नाहीत.

तळ्याच्या मध्यभागी जमिनीचा एक तुकडा बेटासारखा राखला होता. त्यावर बाग फुलविली, तीच मूळची सारसबाग. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी याच बेटावर गणपतीचे मंदिर उभे राहिले. पेशवे त्या वेळी अवघे दहा वर्षांचे, म्हणजे तुमच्याहूनही लहान होते. राज्याचा कारभार नाना फडणीस पाहत. दर्शनास जावयाचे तर नावेतून जावे लागे. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव त्या काळी अगदी यथार्थ होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. तळे एका दिवसात नाहीसे झाले नाही. वाहते पाणी आपल्याबरोबर माती आणते. तळ्यात येऊन ते संथ झाले, की ती माती तळाशी बसते. दर पावसाळ्यात एक पातळ थर साचतो. तो वेळोवेळी उपसला नाही, तर तळे उथळ होत जाते, कडेने गवत माजते, आणि अखेर दलदल तेवढी उरते. माणसांनी बांधलेली तळी माणसांच्या निगराणीवरच जगतात. पर्वतीच्या तळ्याची ती निगा सुटली आणि कालांतराने पाणी हटले.

अशी मोकळी, सखल जागा शहराच्या ऐन मध्यावर असली, म्हणजे तिच्यावर अनेकांचे डोळे लागतात. पुण्याच्या सुदैवाने ती मुलांच्या आणि फिरायला येणाऱ्यांच्या वाट्याला आली. १९५० मध्ये पुण्यात महानगरपालिका स्थापन झाली. तिने १९५३ मध्ये शेजारीच पेशवे पार्क उघडले. तेथील प्राणी आणि १९५६ मध्ये सुरू झालेली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी पाहण्यास मुलांची झुंबड उडे. प्राणी पुढे कात्रजच्या प्रशस्त संग्रहालयात हलविण्यात आले. १९६८ मध्ये जुन्या तळ्याच्या जागी सार्वजनिक उद्यान तयार झाले, आणि बेटावरच्या त्या चिमुकल्या बागेचे नाव साऱ्या परिसराला मिळाले. जेथे नावा चालत, तेथे आता लोक पायी हिंडतात.

तळे गेले, तरी आंबिल ओढा आहेच. एरवी पुलावरून जाणारा त्याच्याकडे पाहतही नाही. दोन्ही बाजूंस घरे, भिंती आणि रस्ते दाटल्यामुळे त्याचे पात्र फार आखडले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस अतिवृष्टी झाली आणि अडीचशे वर्षांपूर्वी वळविलेला हा ओढा काठ सोडून वस्तीत शिरला. अरण्येश्वर परिसरातील टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. ठिकठिकाणी मोटारी आणि गुरे वाहून गेली. दुसऱ्या दिवशी लोक चिखल उपसून घरातील सामान शोधीत होते, आणि ओढ्याचे पाणी ओसरून पुन्हा आपल्या अरुंद वाटेने मुठेकडे चालले होते.