तेहतिसावा डाव

कसोटी सामना पाच दिवस चालूनही अनिर्णित राहिला, तरी आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये मात्र बरोबरीत सोडण्याची सोयच नाही. प्रत्येक डावात दोन्ही संघांनी आळीपाळीने फलंदाजी करायची, तीन गडी बाद झाले की बाजू पालटायची, असे नऊ डाव. धावा सारख्या? मग दहावा डाव. अजून सारख्या? अकरावा. हे कुठवर चालायचं? कागदोपत्री या खेळाला शेवटच नाही!

१८ एप्रिल १९८१. ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट हे जुनं गिरण्यांचं गाव. मॅकॉय स्टेडियममध्ये दिव्यांच्या बिघाडामुळे सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला. हाडं गोठवणारा वारा आणि १,७४० प्रेक्षक. यजमान पॉटकेट, पाहुणा संघ रॉचेस्टर. आणि हा सामना होता मायनर लीगचा, म्हणजे जिथे कोण जिंकलं याची वरच्या कुणाला फारशी फिकीर नसते, त्या लीगचा.

फिकीर का नसते? ही गंमत नीट कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. सेंट लुईस कार्डिनल्स या क्लबकडे तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते. त्याचा कारभारी ब्रँच रिकी याने १९२०च्या दशकात विचार केला, की बाजारात महाग आंबे घेण्यापेक्षा बागच हाती असलेली काय वाईट? त्याने लहान गावांतले क्लब ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तिथे पोरं वाढवायची, पिकली की वर न्यायची. अमेरिकन लोक या व्यवस्थेला चक्क ‘फार्म’ म्हणतात.

आज ३० मोठ्या क्लबांखाली प्रत्येकी चार असे १२० संघ आहेत; सर्वांत खालची पायरी सिंगल-ए, सर्वांत वरची ट्रिपल-ए. ट्रिपल-एच्या संघाचा हंगाम १५० सामन्यांचा. मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी रोज झुंज, सोमवारी सुट्टी आणि पुढच्या गावचा प्रवास. खेळाडूंचा पगार वरचा क्लब देतो आणि कोण खेळणार हेही तोच ठरवतो. स्थानिक मालकाच्या हाती उरतं काय? तिकिटं, शेंगदाणे आणि संघाचं नाव! म्हणूनच अलाबामातल्या माँटगोमेरीचा संघ स्वतःला खुशाल ‘बिस्किट्स’ म्हणवतो. संघ अव्वल स्थानी असताना वरून एक फोन येतो आणि त्याचा हुकमी पिचर, म्हणजे गोलंदाज, संध्याकाळी दुसऱ्याच शहरात खेळत असतो. मालकाने हात चोळत बसायचं.

आणि पिचर? तो आनंदाने उड्या मारतो. कारण या लीगमधल्या जवळजवळ प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते: इथून सुटका. ती किती अवघड आहे पाहा. बास्केटबॉलचा बादशहा मायकेल जॉर्डन १९९४ साली डबल-एमध्ये पूर्ण हंगाम खेळला आणि पाचांतून जेमतेम एकदा यशस्वी फटका मारू शकला. मायकेल जॉर्डन!

तर ती रात्र. नवव्या डावाअखेर १-१. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली. सुटलो, असं साऱ्यांना वाटलं असेल. तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी केली. सहकारी आता मिठी मारणार की ठोसा, हेच कळेना, असं तो पुढे सांगायचा. मध्यरात्र उलटली. खेळाडू मोडक्या बॅटी पेटवून शेकत बसले. एक चेंडू कुंपणापलीकडे जाणारच म्हणून सगळे माना वर करून पाहत होते, तर वाऱ्याने तो परत आत लोटला. रॉचेस्टरचा कॅचर डेव्ह हपर्ट उकिडवा बसून ३१ डाव चेंडू झेलत होता. तुम्ही-आम्ही उकिडवे किती मिनिटं बसू शकतो?

थांबवलं का नाही कुणी? रात्री ठरावीक वेळेनंतर नवा डाव सुरू करू नये, असा लीगचा नियम होता. पण पंचांच्या हातातल्या पुस्तिकेत नेमका तोच नव्हता! अखेर लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठलं गेलं आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, बत्तीस डावांनंतर, २-२ वर खेळ थांबला. ईस्टरची सकाळ उजाडायला आली होती. स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. लुईस अपाँटे हा पिचर त्याआधीच घरी पोहोचला होता. मैदानावर होतो, असं त्याने सांगितलं, पण बायकोने काही ते खरं मानलं नाही, असा किस्सा आहे. कसं मानावं? सकाळच्या पेपरातही बातमी नव्हती. तो छापून निघाला तेव्हा सामना चालूच होता.

२३ जूनला तेहतिसावा डाव सुरू झाला. मोठ्या लीगचे खेळाडू तेव्हा संपावर होते, त्यामुळे बेसबॉलसाठी आसुसलेल्या अख्ख्या देशाचं लक्ष या लहानशा गावाकडे लागलं. स्टेडियम खच्चून भरलं. अठरा मिनिटांत डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेटने विजयी धाव काढली. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये इतका लांबलेला सामना दुसरा नाही.

आता खेळाडूंची यादी पुन्हा एकदा चाळा. रॉचेस्टरकडून खेळलेला कॅल रिपकन पुढे मोठ्या लीगमध्ये सलग २,६३२ सामने खेळला. बॉग्जने तिथे ३,०१० यशस्वी फटके मारले. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. आणि विजयी फटका मारणारा कोझा? त्याला वरून बोलावणं कधीच आलं नाही. मोठ्या लीगमध्ये एकही सामना नाही.

२०१८ पासून मायनर लीगमध्ये दहाव्या डावापासून प्रत्येक संघाचा एक धावपटू आधीच दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, उभा करतात. धाव लवकर निघते, सामना लवकर आटोपतो. शहाणपणाचा नियम आहे, मला तो मुळीच आवडत नाही. पहाटेपर्यंत थांबलेल्या त्या १९ जणांना मॅकॉय स्टेडियमचे मोफत पास मिळाले होते. संघ मात्र आता तिथे खेळत नाही. २०२१ साली तो शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरला गेला.