धानाचे वरचे पान का जपावे?

फाल्गुन-चैत्रात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मोहाची झाडे बहुधा निष्पर्ण असतात, आणि नेमक्या त्याच वेळी पहाटे झाडाखाली गोड फुलांचा सडा पडतो. पाने नसताना ही साखर येते कोठून? ती मागील हंगामातील हिरव्या पानांनी तयार करून झाडात साठविलेली असते. छाटलेल्या तेंदूच्या झुडपांना उन्हाळ्यात कोवळी पाने फुटतात, तीही मुळांतील अशाच शिलकीवर.

झाड आपले अन्न जमिनीतून तयार घेते, असा समज अद्याप आढळतो. खताच्या पोत्याकडे आपले लक्ष असते, पानाकडे नसते. वस्तुतः मुळे पाणी आणि नत्र, स्फुरद, पालाश आदी द्रव्ये पुरवितात. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून हवेतील कर्बवायू आत जातो. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते व त्या शक्तीने पाणी व कर्बवायू यांपासून साखर बनते. प्राणवायू बाहेर पडतो. यास प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू अवघा चार भागांच्या आसपास असतो. तरी वाळलेल्या धानाच्या वजनाचा बहुतेक भाग त्यातून व पाण्यातूनच घडतो.

झालेली सर्व साखर दाण्यात मात्र जात नाही. पीक रात्रंदिवस श्वसन करते व त्यात काही साखर खर्ची पडते. दिवसा मिळकत, रात्री नुसता खर्च, असा हा व्यवहार आहे.

धान निसवल्यावर सुमारे महिनाभर दाणा भरतो. काही अन्न खोडातील साठ्यातून येते. पण मोठा वाटा त्या दिवसांत वरची दोन-तीन पाने, विशेषतः लोंबीलगतचे पान, तयार करतात. हे पान करप्याने वाळले किंवा अळीने खरवडले, तर लोंबीत पोचट दाणे वाढतात. रोवणीनंतर लवकरच खाल्लेली पाने पीक बरेचदा भरून काढते. निसवल्यावर गेलेले पान पुन्हा येत नाही. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी बांधीची पाहणी या काळात अधिक काळजीने करावी.

दाट रोवणी व युरियाचा अतिरेक यांनी पीक काळेभोर दिसते व शेतकरी सुखावतो. परंतु खालची पाने सावलीत जातात; ती कमावतात थोडे, खातात अधिक. शिवाय अशा कोंदट बुंध्याशी तुडतुडे माजतात आणि पानांनी बनविलेला रसच शोषून घेतात. याकरिता रोवणीच्या वेळी दर दोन-तीन मीटरवर एक फुटाचा पट्टा मोकळा सोडावा. धुऱ्यावरील झाडांच्या सावलीतील धान उंच वाढते, पण फुटवे व दाणे कमी देते. तेथे अडचणीच्या फांद्या छाटणे पुरेसे आहे, झाड तोडण्याचे कारण नाही.

निसवल्यावर बांधीस कोरड पडू देऊ नये. पाण्याच्या ताणाने रंध्रे मिटतात व अन्न बनणे मंदावते. तुडतुडे दिसल्यास मात्र पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे, आणि एरव्ही ते कापणीपूर्वी आठ-दहा दिवस अगोदर सोडावे.