नावापुढं काय लिहू?

जून महिना लागला की आमच्या घरी कागदपत्रांची गर्दी सुरू होते. बचत गटाच्या बायका पिशवीत कागद घेऊन येतात, "ताई, एवढा फॉर्म भरून द्या" म्हणतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक पोरगी आली. बारावी झालेली, नर्सिंगला जायचं होतं. आडनाव बंगाली, बोली आपल्या झाडीपट्टीची आणि सोबत आलेली आई माडिया. मी फॉर्म पुढे ओढला आणि सहज बोलून गेले, "तू इथली वाटत नाहीस गं."

ती हसली. म्हणाली, "ताई, सगळे असंच म्हणतात. मग मी नेमकी कुठली आहो?"

त्या प्रश्नाने मीच ओशाळले.

मैत्रिणींनो, आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी अशा किती भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात! त्यातच बंगालीही आहे. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसवलं गेलं. आज चामोर्शी, मुलचेरा भागात त्यांची गावंच्या गावं आहेत. शेजार आला की ओळख होते, ओळखीतून कधी मनं जुळतात. या पोरीचे आईवडील असेच जुळले. पण पोरगी दोन वर्षांची असताना वडील निघून गेले. आई तिला घेऊन माहेरी आली ती कायमची.

शाळेत मुलं तिला 'बंगालन' म्हणून चिडवायची. वडिलांकडच्या एका लग्नाला गेली तर तिथे बायका कुजबुजल्या, 'ती आदिवासीण आली.' गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळं असतात आणि त्यावरून सोयरीक ठरते. हा देव बापाकडून येतो. मग हिचा देव कोणता? हिला सून करून घ्यायची तर कोणत्या कुळातून? गावातल्या म्हाताऱ्यांनाही उत्तर सुचेना.

हा प्रश्न काही फक्त जंगलातला नाही. आपल्या राज्यघटनेत अँग्लो-इंडियन कोण, याची व्याख्या आहे. तीसुद्धा बापाच्या वंशावरूनच केलेली! अमेरिकेत तर जनगणनेत एकाहून जास्त वंशांपुढे खूण करायची मुभा २००० साली पहिल्यांदा मिळाली. तोवर तिथल्याही मिश्र घरातल्या लेकरांना आई किंवा बाप यांतलं एकच निवडावं लागायचं.

आम्ही दाखल्यासाठी गेलो तर खिडकीवरच्या बाबूने कागद न बघताच सांगितलं, "वडिलांची जात आणा." वडिलांची जात नमशूद्र. ती पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, पण महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे बापाकडून काही नाही आणि आईचं चालत नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

एका ओळखीच्या वकीलताईंनी वाट दाखवली. आदिवासी आई आणि बिगर-आदिवासी वडील अशा गुजरातमधल्या एका तरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निकाल दिला आहे. मूल बापाच्या जातीचं असं गृहीत धरलं जातं, पण तो शेवटचा शब्द नव्हे. आईने आपल्या समाजात वाढवलं, आईच्या समाजाने आपलं मानलं आणि त्या समाजाच्या वाट्याला येणारे हाल, अपमान आपणही सोसले, हे मूल दाखवू शकतं. प्रत्येक प्रकरण त्याच्या पुराव्यावर ठरतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आदिवासी समाज अशा लग्नांकडे संशयाने बघतो, त्याला कारण आहे. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही, म्हणून जमिनीवर डोळा ठेवून आदिवासी मुलीशी लग्न करणारेही असतात. खोट्या दाखल्यांनी खऱ्या लेकरांच्या जागा गेल्यात. म्हणून पडताळणी कडक असलीच पाहिजे. पण चाळणीत खडे अडकावेत, तांदूळ नव्हे.

आम्ही पुरावे जमवायला लागलो. आजोबांच्या वडिलांचा १९५०च्या आधीचा महसुली कागद, आईचा शाळेचा दाखला, मामाची जातवैधता, पोरीचं नाव असलेलं आजोबांचं रेशन कार्ड, ग्रामसभेचा ठराव. दाखला मिळाला. पुढे पडताळणीसाठी माणसं घरी आली. आजी ओसरीवर बसली होती. तिला विचारलं, "ही तुमच्यातली कशावरून?" आजी माडियात काही बोलली. मामाने मराठीत सांगितलं, "ती म्हणते, हिला पाठीशी बांधून मी मोह वेचले. जंगलात ताप आला तेव्हा माझ्याच मांडीवर होती. आणखी काय पाहिजे?"

साहेबांनी ते शब्द तसेच लिहून घेतले. वैधता यायला दीड वर्ष लागलं, पण आली.

तुमच्या गावात अशी एखादी लेक असेल तर तिला एवढंच सांगा: खिडकीवरून तोंडी 'नाही' ऐकून परतू नको. अर्ज दे, पोच घे, नाकारला तर कारण लेखी माग. आणि आईकडचे जुने कागद आजच पेटीतून काढून ठेव.

ती पोरगी आता नर्स आहे. माडिया पेशंट आली की माडियात बोलते, बंगाली म्हातारीला थोडं बंगाली बोलून धीर देते. परवा भेटली तेव्हा सांगत होती, "ताई, लोक अजून विचारतात, कुठची तू म्हणून. मी म्हणते, इथलीच."

मी मात्र आता कुणालाच तो प्रश्न विचारत नाही.