पाऊस सरताना अंगणात साप अधिक का दिसतात?

भाद्रपद संपून आश्विन लागला की देशाच्या बहुतांश भागात आकाश निवळू लागते. सकाळी गवतावर दव दिसते, दुपारचे ऊन एकाएकी चटके देऊ लागते आणि पुण्यापासून दिल्ली-कोलकात्यापर्यंतच्या रस्त्यांवर संध्याकाळी सातविणीच्या फुलांचा उग्र गंध भरून राहतो. याच सुमारास घराच्या परसात, बागेत आणि शहरांतील इमारतींच्या आवारात प्राण्यांची वर्दळ वाढल्याचे अनेकांच्या ध्यानात येते. चतुरांचे थवे किंवा शेपूट हलवीत फिरणारे धोबी पक्षी दिसले की कौतुक होते. साप दिसला की मात्र काठी शोधली जाते. वास्तविक हे सारे एकाच साखळीचे दुवे असून त्या साखळीचे एक टोक हवामानात, तर दुसरे घरातल्या धान्याच्या कणगीत आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार नैर्ऋत्य मोसमी वारे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघारी फिरू लागतात. मुंबईतून ते साधारणपणे ८ ऑक्टोबरला आणि संपूर्ण देशातून १५ ऑक्टोबरच्या आसपास परततात. पूर्वीच्या वेळापत्रकात परतीचा प्रारंभ १ सप्टेंबरला धरला जात असे. पाऊस थांबला म्हणजे मोसमी वारे परतले, असे हवामानशास्त्र मानत नाही. सलग पाच दिवस कोरडे जाणे, वातावरणाच्या खालच्या थरात वाऱ्यांची प्रत्यावर्ती रचना तयार होणे आणि हवेतील बाष्प लक्षणीय प्रमाणात घटणे, या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावरच माघारीची घोषणा केली जाते.

ढगांचे आच्छादन दूर झाल्यावर जे घडते त्याला महाराष्ट्रात ‘ऑक्टोबर हीट’ असे नाव पडले आहे. जमिनीत चार महिन्यांचे पाणी मुरलेले असते, वर सूर्य अजून प्रखर असतो. त्यामुळे ऊन आणि दमटपणा एकत्र येतात. कोकण किनाऱ्यावर जमिनीकडून वाहणारे वारे समुद्रावरचा गार वारा दुपारपर्यंत अडवून धरतात आणि उकाडा आणखी वाढतो. रात्री मात्र उलट घडते. निरभ्र आकाशामुळे जमिनीची उष्णता विनाअडथळा निघून जाते आणि दिवस व रात्र यांच्या तापमानातील अंतर दर आठवड्याला रुंदावत जाते. तामिळनाडूत या वेळी चित्र निराळे असते. तेथील वार्षिक पावसाचा जवळपास निम्मा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे देतात. त्यामुळे चेन्नई-तंजावरच्या अंगणात शरद हा पाऊस सरण्याचा नव्हे, पाऊस येण्याचा ऋतू ठरतो.

चार महिन्यांच्या ओलाव्याने गवत माजलेले असते आणि गवतात कीटकांची संख्या भरपूर वाढलेली असते. ज्याला कीटक खायचे आहेत त्याच्यासाठी ही सुगीच होय. जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या नागमोडी रेघांची फुलीसारखी नक्षी विणणारा कोळी याच दिवसांत पूर्ण वाढलेला दिसतो. हिमालयात व त्याच्या उत्तरेकडील प्रदेशांत वीण आटोपून आलेले करडे आणि पांढरे धोबी हिरवळीवर किडे टिपू लागतात. पावसाच्या डबक्यांत काही आठवड्यांत वाढलेले पिवळसर चतुर मोकळ्या जागांवर घिरट्या घालतात. यांतील पँटाला फ्लॅवेसेन्स ही जात हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जात असावी, असा सिद्धांत मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडला. मालदीवच्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळपास नसतानाही दर ऑक्टोबरात चतुरांचे थवे उतरतात, हे त्यांच्या अभ्यासाचे निमित्त होते. शरदात भारतावरून आफ्रिकेकडे जाणारा अमूर ससाणा प्रवासात याच चतुरांवर गुजराण करत असावा, असेही त्यांनी सुचविले.

दक्षिणेकडे निघालेला नवरंग हा पक्षी कधी कधी थकून किंवा दिव्यांना भुलून थेट घरात शिरतो. चेन्नईसारख्या शहरात ऑक्टोबरमध्ये असे प्रसंग घडतात. पहाटे आणि सायंकाळी ठरावीक वेळी शीळ घालत असल्याने तामिळ लोक त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. असा पक्षी आढळल्यास त्याला हाताळत न बसता भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी काही तास ठेवणे आणि सावरल्यावर झाडीजवळ सोडणे पुरेसे असते. जखमी असल्यास वन विभागाला कळवावे.

कीटकांपाठोपाठ बेडूक, पाली आणि सरडे पोसले जातात. दरम्यान शेतात धान पिकू लागते. बांधांत बिळे करून राहणारे उंदीर आणि घुशी कापणी होताच उघड्या पडतात आणि खळे, गवताची उडवी व घरातील कोठार यांचा आश्रय घेतात. त्यांच्या मागावर साप येतात. नाग आणि धामण यांची अंडी उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या पूर्वार्धापर्यंत घातली जातात व सुमारे दोन महिन्यांनी फुटतात. घोणस अंडी घालत नाही, ती थेट पिलांना जन्म देते आणि एका वेळी वीस-तीस पिले होणे तिच्या बाबतीत नवलाचे नाही. पाऊस सरेपर्यंत ही नवी पिढी आपापले भक्ष्य शोधत पांगलेली असते. भक्ष्य, आडोसा आणि नवी पिढी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घराजवळ येत असल्याने साप ‘वाढल्यासारखे’ वाटतात.

हवामानाचा सापाच्या दिनक्रमाशी थेट संबंध असतो. सापाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. ऑक्टोबरच्या दुपारी तो सावलीत, दगडांच्या फटीत किंवा पडक्या भिंतीच्या पोटात पडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतो. पुढे रात्री गार होऊ लागल्या की तो सकाळी उन्हासाठी पायवाटेवर किंवा बांधावर आलेला दिसतो. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत साप जवळपास दिसेनासे होतात. त्याआधीचे हे आठवडे त्यांच्यासाठी पोट भरून घेण्याचे असतात.

नेमक्या याच आठवड्यांत माणसाचे हातही सापांच्या जागेत शिरतात, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दसरा-दिवाळीच्या तोंडावर माळे झाडले जातात, पावसाळाभर न हललेला लाकूडफाटा, गोवऱ्यांचे ढीग, विटांची रास, जुनी कौले उचलली जातात. कापणीत विळा चालवणारा हात आणि अनवाणी पाय गवतात असतात. काठीने ढीग आधी हलवणे, गमबूट वापरणे आणि अंधारात विजेरी बाळगणे ही साधी काळजी कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त पडते.

हा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने दिली. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा त्याचा अंदाज आहे. यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते. अर्थात उरलेले निम्मे पावसाळ्याबाहेरचे आहेत, हेही लक्षात घ्यावयास हवे. मृतांमध्ये ग्रामीण भागातील लोकांचे प्रमाण प्रचंड असून चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, विभाजनपूर्व आंध्र प्रदेश, राजस्थान आणि गुजरात या राज्यांचा वाटा सुमारे ७० टक्के आढळला.

भारतातील बहुसंख्य गंभीर दंशांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत मानले जातात. देशात तयार होणारी प्रतिविषाची लस या चौघांच्याच विषावर चालते. तिच्यासाठी लागणारे बरेचसे विष चेन्नईजवळ १९७८ मध्ये स्थापन झालेली इरुला आदिवासींची सहकारी संस्था पुरवीत आली आहे. विष काढून साप पुन्हा निसर्गात सोडण्याची तिची पद्धत आहे. घरात आढळणारे बहुतेक साप मात्र या चौघांपैकी नसतात. धामण लांब आणि चपळ असल्याने भीतिदायक वाटते. ती बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. कवड्या साप पालींच्या शोधात भिंतीवर चढतो आणि अंगावरील पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे शेपटीकडे स्पष्ट असतात आणि मानेजवळ नसतात किंवा अस्पष्ट असतात. तथापि ही ओळख पटविण्यासाठी जवळ जाणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. प्रशिक्षित सर्पमित्र येईपर्यंत दुरून नजर ठेवणे एवढेच घरच्यांचे काम आहे.

मण्यारीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच दंश करते. दंशाच्या जागी वेदना व सूज जवळजवळ नसते. त्यामुळे पहाटे पोटात दुखणे, उलट्या, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तरी सर्पदंशाची शंका कोणाला येत नाही आणि मोलाचे तास निघून जातात. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा यावरील प्रभावी उपाय आहे. घराभोवती फिनेल, लसूण किंवा गंधक टाकल्याने साप येत नाहीत, या समजुतीवर मात्र विसंबू नये.

दंश झाल्यास अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता रुग्णालयात हलवावे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, विष तोंडाने चोखणे, बर्फ लावणे हे प्रकार अपायकारक आहेत. साप मारून बरोबर नेण्याचीही गरज नसते. डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात. साप डूख धरतो आणि जोडीदाराचा सूड घ्यायला येतो, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण आदी सापांना संरक्षण असून त्यांना मारणे किंवा पकडून बाळगणे हा गुन्हा आहे.

याच काळात कोकणातील भातखाचरांत लाल विंचवाचा धोकाही असतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचुदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. एके काळी गंभीर विंचुदंशाचे अनेक रुग्ण दगावत असत; या उपचारानंतर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सर्पदंशाच्या बाबतीत इतकी घट अद्याप साधलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद शासनाला कळविणे बंधनकारक करावे, असे राज्यांना सांगितले. सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांतील रुग्णांची आणि मृत्यूंची मोजणी त्यामुळे होऊ शकेल. कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात किती लस लागते, हे ठरविण्यासाठी हीच मोजणी आजवर अपुरी पडत आली आहे.