अनुदान कोणाचे? : विद्यापीठीय संशोधन-प्रशासनाचे शिक्षण

संशोधन-प्रकल्प मंजूर झाल्याचे पत्र विभागात येते तेव्हा ज्या प्राध्यापकाने प्रस्ताव लिहिला त्याचे अभिनंदन होते, आणि तोही त्या रकमेचा उल्लेख ‘माझे अनुदान’ असाच करतो. बोलण्याच्या ओघात हे स्वाभाविक आहे; विधीच्या दृष्टीने मात्र ते बरोबर नाही. पाठ्यवृत्ती, पारितोषिके यांसारखे अपवाद सोडले, तर सार्वजनिक निधीतून होणाऱ्या संशोधनाचे अनुदान सामान्यतः विद्यापीठाला दिले जाते, व्यक्तीला नव्हे. अटी मान्य करून सही करावयाची ती विद्यापीठाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने. हिशेब द्यावयाचा तो विद्यापीठाने. आणि अटींचा भंग झाल्यास जाब विचारला जातो तोही विद्यापीठालाच. प्रकल्पप्रमुख हा विद्यापीठाच्या वतीने त्या कामाची शास्त्रीय बाजू सांभाळणारा असतो.

अशा रीतीने, प्रयोगशाळेत काय चालले आहे हे ज्याला ठाऊक असते त्याच्यावर अंतिम दायित्व नसते, आणि ज्याच्यावर दायित्व असते त्याला प्रयोगशाळेत काय चालले आहे हे बहुधा ठाऊक नसते. संशोधन-प्रशासन हा व्यवसाय या फारकतीतून जन्माला आला. त्याचे शिक्षण म्हणजे प्रपत्रे भरण्याचे शिक्षण, असा समज विद्यापीठांत सर्रास आढळतो. तो का टिकत नाही, हे समजण्यासाठी या व्यवसायाचा उगम जेथे झाला त्या अमेरिकेतील वाटचाल पाहणे उपयुक्त ठरेल.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकन विद्यापीठांतील संशोधन मुख्यतः खाजगी न्यासांच्या आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या पैशावर चालत असे. १९४१ साली व्हॅनिव्हर बुश यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालयाने युद्धोपयोगी संशोधनाचे करार थेट विद्यापीठांशी केले. विद्यापीठाला या कामात नफा होऊ नये, पण तोटाही होऊ नये, हे त्या करारांमागील सूत्र होते. प्रयोगाचा प्रत्यक्ष खर्च तर द्यावयाचाच. शिवाय इमारत, वीज, ग्रंथालय, हिशेबनीस यांवर जो भार पडतो त्याचाही वाटा द्यावयाचा, असा याचा अर्थ. युद्ध संपले तरी ही व्यवस्था संपली नाही. १९४६ मध्ये नौदलाचे संशोधन कार्यालय आणि १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि सरकारी पैसा विद्यापीठांकडे अखंड वाहू लागला. विद्यापीठाला कोणता खर्च सरकारकडे मागता येईल याची तत्त्वे ‘ए-२१’ या परिपत्रकाने १९५८ मध्ये घालून दिली. पुढच्याच वर्षी विद्यापीठीय संशोधन-प्रशासकांची राष्ट्रीय परिषद अस्तित्वात आली. हा क्रम बोलका आहे. नियम आले आणि पाठोपाठ त्यांचा अर्थ लावणाऱ्यांना एकत्र येण्याची गरज भासली.

या नियमांचा गाभा तसा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. प्रकल्पाच्या खाती टाकलेला खर्च वाजवी असला पाहिजे. त्या प्रकल्पाकडे नेमून देण्याजोगा असला पाहिजे. आणि नियमांनी व अनुदानाच्या अटींनी तो अनुज्ञेय असला पाहिजे. शिवाय समान परिस्थितीतील समान खर्चाला विद्यापीठाने सर्वत्र समान वागणूक दिली पाहिजे. हे पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात. लागू करणे मात्र अवघड जाते. दोन प्रकल्प मिळून एक सूक्ष्मदर्शक वापरतात. त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटावयाचा? ज्या खात्यात पैसे शिल्लक आहेत त्यात टाकावयाचा, हे उत्तर सोपे आहे आणि निश्चितपणे चूक आहे. प्रकल्पाची मुदत संपण्यास तीन आठवडे उरले असता मागविलेला संगणक वाजवी आणि अनुज्ञेय असूही शकेल. पण जे काम संपत आले आहे त्या कामाला त्याचा उपयोग कोणता? मार्चअखेरची खरेदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

सर्वांत अवघड प्रकरण मनुष्याच्या वेळेचे. उपकरणाची पावती असते, विचाराची नसते. प्राध्यापकाच्या वेतनाचा काही भाग अनुदानातून दिला जात असेल, तर तेवढ्या प्रमाणात त्याने त्या प्रकल्पाचे काम केले याची विश्वासार्ह नोंद विद्यापीठाजवळ असावी लागते. येथे नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते: तो तास मोजू लागतो. वस्तुतः हिशेब तासांचा नसून प्रमाणाचा आहे. आठवड्यास साठ तास काम करणाऱ्या प्राध्यापकाचे वीस टक्के म्हणजे बारा तास. ठरावीक चाळीस तासांचे वीस टक्के म्हणून आठ तास नव्हेत. अध्यापन, समित्या, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन आणि सर्व प्रकल्प मिळून एकूण शंभर टक्के. एकशे दहा कधीही नाही. यातून एक गोष्ट निघते, जी अनुभवी संशोधकांच्याही ध्यानात नसते. नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिण्याचा वेळ चालू असलेल्या सरकारी प्रकल्पाच्या खाती टाकता येत नाही. म्हणून ज्याचे संपूर्ण वेतन अनुदानांतून जाते तो प्राध्यापक पुढचा प्रस्ताव लिहावयास बसला, की त्याने दिलेले प्रमाणपत्र त्या क्षणी खोटे ठरण्याचा संभव असतो. त्याच्या मनात अपहाराचा लेशही नसतो.

हा संभव केवळ तात्त्विक नाही. येल विद्यापीठाने २००८ मध्ये अमेरिकन सरकारशी ७६ लक्ष डॉलरांची तडजोड केली. त्यातील आरोपांपैकी एक असा, की काही संशोधकांनी उन्हाळ्याच्या वेतनासाठी आपले सर्व श्रम सरकारी प्रकल्पांना दिल्याचे दाखविले होते, प्रत्यक्षात मात्र त्या काळात ते इतरही काम करीत होते. दुसरा आरोप एका प्रकल्पाचा खर्च दुसऱ्याच्या खाती वळविल्याचा होता. रक्कम भरली ती विद्यापीठाने. त्याआधी, १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अप्रत्यक्ष खर्चाची चौकशी गाजली होती. क्रीडाविभागाकडील एका नौकेचा घसारा संशोधनाच्या अप्रत्यक्ष खर्चात शिरला होता आणि अध्यक्षांच्या निवासस्थानातील फुलांचा खर्चही त्यात निघाला. काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. पुढे १९९४ मध्ये १२ लक्ष डॉलरांवर प्रकरण मिटले आणि विद्यापीठाने लबाडी केल्याचे सरकारने म्हटले नाही. तथापि १९९१ मध्येच सर्व विद्यापीठांच्या प्रशासकीय खर्चाच्या वाट्यावर २६ टक्क्यांची मर्यादा आली होती. एका संस्थेच्या खतावणीतील नोंदीची किंमत सर्व संस्थांनी चुकती केली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पैशाच्या प्रकरणात निदान रक्कम परत करता येते. मनुष्यावरील प्रयोगांत ती सोय नाही. अलाबामातील टस्कीगी येथे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारापासून वंचित ठेवून चाललेले निरीक्षण १९३२ पासून १९७२ पर्यंत टिकले. ते उघडकीस आल्यावर १९७४ चा राष्ट्रीय संशोधन अधिनियम आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. व्यक्तीचा आदर, हितकारिता आणि न्याय ही त्या अहवालाची तीन तत्त्वे होत. संशोधनापूर्वी स्वतंत्र समितीने आराखडा तपासावा, ही पद्धत यातून दृढ झाली.

परंतु समिती असणे आणि समितीने काम करणे या भिन्न गोष्टी आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००१ च्या उन्हाळ्यात दम्याविषयीच्या एका प्रयोगात भाग घेतलेली चोवीस वर्षांची निरोगी स्वयंसेविका मरण पावली. तिला हेक्झामेथोनियम हे द्रव्य हुंगण्यास दिले होते. या द्रव्याने फुप्फुसांना अपाय होऊ शकतो असे सुचविणारे निबंध १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाले होते. पण संशोधकाने मुख्यतः ज्या संगणकीय सूचीवर भिस्त ठेवली ती त्या वेळी १९६६ च्या मागे जात नव्हती. आराखडा समितीपुढून गेला होता आणि संमतिपत्रावर सहीही झाली होती. मात्र या द्रव्याच्या अशा वापराला औषध-नियामकाची मान्यता नाही, हे तिला त्या पत्रातून स्पष्टपणे कळले नव्हते. जुलै महिन्यात सरकारी कार्यालयाने जी कारवाई केली ती त्या एका प्रयोगापुरती मर्यादित राहिली नाही. मनुष्यावरील संशोधनाचे त्या संस्थेतील जवळजवळ सर्व सरकारी साहाय्याचे प्रकल्प थांबविण्यात आले. काही दिवसांत बंदी सैल झाली. पण कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या ज्या सहकाऱ्यांचा दम्याशी काहीही संबंध नव्हता त्यांच्याही हाती तो आदेश पडला. अनुदान संस्थेचे असते याचा अर्थ त्या आठवड्यात जितका स्पष्ट झाला तितका कोणत्याही नियमपुस्तिकेने झाला नसेल.

या घटनेतील दोष कोणत्या प्रशिक्षणाने टळला असता? संमतिपत्राचा नमुना अधिक लांब करून नव्हे. जुने वाङ्मय तपासले काय, आणि कोठवर तपासले, असा प्रश्न विचारण्याची सवय असलेला एखादा सभासद, सचिव किंवा ग्रंथपाल त्या प्रक्रियेत असता तर काही आशा होती. अनुपालनाचे शिक्षण नियमाच्या पाठांतरापाशी थांबते तेव्हा ते नेमके हेच शिकवीत नाही. राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी ऑक्टोबर २००० पासून मनुष्यावरील संशोधनात गुंतलेल्या प्रमुख व्यक्तींना संरक्षणविषयक शिक्षण सक्तीचे केले होते, आणि संगणकावरील पाठ्यक्रमांचा प्रसार याच सुमारास झाला. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. हजारो लोकांना किमान शब्दसंग्रह त्यांनी दिला. पण ज्या परीक्षेची उत्तरे एका बैठकीत टिचकीसरशी देता येतात ती उत्तीर्ण होणे म्हणजे विवेक येणे नव्हे.

संशोधन-प्रशासकांनी स्वतःसाठी जी व्यवस्था उभारली ती यापेक्षा काहीशी गंभीर आहे. १९९३ मध्ये एक स्वतंत्र प्रमाणन-मंडळ स्थापन झाले. परीक्षेला बसण्यासाठी पदवीबरोबरच प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि मिळालेले प्रमाणपत्र पाच वर्षांनी नूतनीकरणास येते, कारण नियमही बदलतात. ए-२१ परिपत्रकच २०१३ च्या एकत्रित नियमावलीत विलीन झाले. जॉन्स हॉपकिन्स व सेंट्रल फ्लॉरिडा यांसारख्या विद्यापीठांनी या विषयात पदव्युत्तर पदवीही सुरू केली. तरीही या व्यवसायातील जाणते लोक खरे शिक्षण उमेदवारीत होते असेच मानतात. एखाद्या प्रस्तावाचे अंदाजपत्रक प्राध्यापकासह बसून तयार करणे, लेखापरीक्षकाच्या आक्षेपास उत्तर लिहिणे, आणि कुलगुरूंच्या निकटच्या सहकाऱ्यालाही ‘हा खर्च येथे बसत नाही’ असे नम्रपणे सांगणे, हे वर्गात शिकविता येत नाही. यांतील शेवटचे सर्वांत कठीण, आणि त्यासाठी ज्ञानाइतकेच पदाचे स्थैर्य लागते.

भारतात या विषयाची दोन अंगे एकमेकांपासून फार दूर वाढली. नीतीच्या बाजूने पाहिले तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० पासूनच मार्गदर्शन केले असून तिची विस्तृत तत्त्वे २०१७ मध्ये सुधारली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना, पुढे चाळीस व साठ टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढती शिक्षा. २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा पाठ्यक्रम मान्य केला. तेव्हा आयोगाचे उपाध्यक्ष असलेले भूषण पटवर्धन हे पुण्यातील विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले शास्त्रज्ञ, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय गोष्ट होय. त्या पाठ्यक्रमाच्या सहा घटकांत तत्त्वज्ञान, शास्त्रीय आचरण, प्रकाशनातील गैरप्रकार, मुक्त प्रकाशन आणि संशोधनाची मापने आहेत. पैशाच्या हिशेबाला मात्र स्वतंत्र घटक नाही.

ते अंग लेखाविभागात राहिले. केंद्र सरकारच्या अनुदानास २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू होतात. त्यांनुसार अनुदानावर मिळालेले व्याज सरकारजमा करावे लागते, आणि वित्तीय वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. हे नियम संशोधन-विद्यार्थ्यास कोणी शिकवीत नाही. मग पुढे प्रकल्पप्रमुख झाल्यावर, पुढचा हप्ता अडकला म्हणजे, त्यास ते प्रथम कळतात. आणि तोवर प्रकल्प-साहाय्यकाची पाठ्यवृत्ती दोन-तीन महिने थकलेली असते. उलट, लेखाविभागातील अधिकाऱ्यास रसायन का महाग आहे, किंवा क्षेत्रकार्यातील आदिवासी माहितीदात्याकडून छापील पावती का मिळत नाही, हे समजून घेण्याचे शिक्षण मिळत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि काम अडून राहते.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने संशोधन मंडळाची तरतूद केली. वित्त व लेखा अधिकाऱ्याचे पद वैधानिक आहेच. या दोहोंच्या मध्ये बसून दोन्ही भाषा बोलणारा प्रशिक्षित मनुष्य हवा, ही जाणीव मात्र अलीकडची. २०१८ मध्ये इंडिया अलायन्स या संस्थेने संशोधन-व्यवस्थापनाविषयी एक स्वतंत्र उपक्रम सुरू केला, तो याच जाणिवेतून. अशा मनुष्याची नेमणूक प्रकल्पाच्या पैशातून आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरती केली, तर त्याला जे शिकविले ते त्याच्याबरोबर विद्यापीठाबाहेर जाते. त्याचे वेतन कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचे, हा प्रश्न अप्रत्यक्ष खर्चाच्या वाट्याशी निगडित आहे. तो वाटा विद्यापीठाकडे आल्यावर इमारतीच्या रंगरंगोटीत खर्च होतो की या कामासाठी राखून ठेवला जातो, याचा निर्णय अर्थसंकल्पाच्या सभेत व्हावयाचा असतो.